मोरेनादा, साया आणि कापोरालेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलिव्हियाच्या कार्निव्हलचे व्हिडिओ आता मराठी घरांतल्या फोनवरही येतात. पिंपासारख्या चमचमत्या पोशाखातले, जीभ बाहेर काढलेल्या काळ्या मुखवट्यांचे नर्तक पाहून बरेच वाचक विचारतात, हे नक्की काय आहे. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन प्रश्नांचा संबंध आहे तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. मोरेनादा म्हणजे नेमकं काय?

मोरेनादा हा बोलिव्हियाच्या पठारी भागातला मुखवट्यांचा समूहनाच आहे. 'मोरेनो' म्हणजे सावळा किंवा काळा माणूस, आणि मोरेनादा म्हणजे अशा माणसांचा नाच. नाचणारे मात्र बहुतेक सगळे आयमारा (इथला एक मूळ आदिवासी समाज) किंवा मिश्रवंशीय असतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचं सोंग ते घेतात. सोंग हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. बोहाड्यातली किंवा शिमग्यातली सोंगं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो लगेच कळेल: मुखवटा चढला की माणूस दुसराच कुणी होतो, आणि हे करताना टिंगल आणि भक्ती यांच्यातली रेघ पुसट होते.

हा नाच तीन ठिकाणी सर्वांत भव्य दिसतो. ओरुरोचा कार्निव्हल, ला पास शहरातला 'ग्रान पोदेर'चा उत्सव आणि पेरूमधल्या पुनो शहराचा कांदेलारिया उत्सव.

२. साया आणि मोरेनादा एकच का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

साया हे आफ्रो-बोलिव्हियन लोकांचं स्वतःचं गाणं आणि स्वतःचा नाच आहे. त्यात मुखवटा नाही, बँड नाही. लाकडी ढोल, बांबूची खाचांची काठी, घुंगरं आणि माणसाचा गळा, एवढ्यावर तो उभा आहे. मोरेनादा हा इतरांनी आफ्रिकन लोकांना पाहून, आठवून, काही वेळा नुसतं ऐकून उभा केलेला नाच आहे. पहिल्यात काळी माणसं स्वतःबद्दल बोलतात. दुसऱ्यात त्यांच्याबद्दल बोललं जातं. दोन्हींची मुळं आफ्रिकेपर्यंत जातात, पण एक मूळ रक्ताचं आहे आणि दुसरं आठवणीचं.

तिसरा नाच कापोरालेस. तो या दोन्हींपेक्षा खूप अलीकडचा आहे (प्रश्न १० पाहा). इंटरनेटवर 'साया' नावाने जे दिसतं त्यातलं पुष्कळसं प्रत्यक्षात कापोरालेस असतं.

३. अँडीज पर्वतात, एवढ्या उंचीवर आफ्रिकन लोक आले कुठून?

१५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. स्पॅनिश साम्राज्याने त्या डोंगराभोवती चार हजार मीटर उंचीवर एक प्रचंड शहर वसवलं. आफ्रिकेतून जहाजांनी आणलेली माणसं कार्ताहेना, लिमा किंवा ब्वेनोस आइरेसच्या बंदरांतून चालवत वर नेली गेली. 'अंगोला' आणि 'माकोंदे' ही आडनावं आजही आफ्रो-बोलिव्हियन घरांत आहेत. माणसांची मूळ नावं पुसली गेली, पण ती कुठून आली याची खूण आडनावात उरली.

पुढे त्यांची वस्ती मुख्यतः युंगास भागात झाली. ला पासच्या ईशान्येला पठार संपून पर्वत एकदम खाली उतरतो आणि दमट, हिरव्या दऱ्या लागतात. तेच युंगास. तिथल्या मळ्यांवर कोका, कॉफी आणि संत्र्यासारखी फळं पिकायची. तोकान्या, मुरुराता, चिकालोमा ही आफ्रो-बोलिव्हियन गावं याच पट्ट्यात आहेत.

गुलामगिरी कायद्याने संपली ती १८५१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष इसिदोरो बेल्सू यांच्या काळात. त्यांच्या नावाची एक साया लोक अजून गातात. पण मळ्यावरची वेठ सुटायला आणखी शंभर वर्षं लागली. १९५२ ची क्रांती झाली, १९५३ मध्ये जमीन सुधारणा आली, आणि तेव्हा कुठे आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतात फुकट राबण्याची सक्ती गेली. म्हणजे आज ऐंशीच्या पुढे असलेल्या आजी-आजोबांनी ती वेठ डोळ्यांनी पाहिलेली आहे.

४. 'मोरेनादा म्हणजे चांदीच्या खाणीतल्या गुलामांचा नाच' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं आहे का?

अर्धंमुर्धं. गोष्ट म्हणून ती जबरदस्त आहे, पण इतिहास थोडा वेगळा आहे.

पोतोसीच्या खाणीत खोल उतरणारे बहुसंख्य मजूर स्थानिक आदिवासी होते. 'मिता' नावाच्या वेठबिगारीच्या पद्धतीने त्यांना गावोगावहून पाळीपाळीने आणलं जाई. आफ्रिकन गुलाम विकत घ्यावा लागे आणि तो महाग पडे. मालकाच्या निर्दय हिशेबात, ज्या खाणीत माणसं किड्यामुंग्यांसारखी मरतात तिथे महाग 'माल' उतरवणं परवडत नव्हतं. म्हणून आफ्रिकन माणसं अधिक करून टांकसाळीत, घरकामात आणि कारागिरीत जुंपलेली दिसतात. पोतोसीची टांकसाळ आज संग्रहालय आहे.

मोरेनादाच्या उगमाबद्दल आणखी दोन मतं ऐकायला मिळतात. एक मत द्राक्षांचं. गुलाम पायांनी द्राक्षं तुडवून दारू काढत, त्या तुडवण्याचीच लय नाचात उतरली आणि पोशाख दारूच्या पिंपाचा झाला. दुसरं मत म्हणतं की नाचाचा गाभा तितिकाका सरोवराकाठच्या आयमारा लोकांचा आहे आणि काळ्या माणसाचं सोंग त्यावर नंतर चढलं. गावं आणि मंडळं आपापल्या मताला इतकी चिकटून आहेत की या वादाचा निकाल लवकर लागणार नाही.

मला स्वतःला खाणीपेक्षा टांकसाळ, द्राक्षमळा आणि वाटेवरचं चालणं या तिन्हींची सरमिसळ जास्त पटते. सोंग एकाच ठिकाणी एकाच दिवशी जन्मत नाही.

५. मुखवट्याची जीभ बाहेर का असते? डोळे इतके बटबटीत का?

नाचणाऱ्यांकडून ऐकू येणारं उत्तर हे: उंचीवरची विरळ हवा, उपासमार आणि चालून चालून आलेला थकवा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या माणसाला चार हजार मीटरवर दम लागला, त्याचे डोळे बाहेर आले, जीभ लोंबू लागली, आणि ते पाहणाऱ्याने मुखवट्यात कोरलं. लेहला पहिल्यांदा गेलेल्या कुणालाही हा अर्थ छातीत कळेल. लेह ३,५०० मीटरवर आहे, ओरुरो त्याहून दोनशे मीटर वर, आणि पोतोसी आणखी उंच.

पण दुसरी बाजूही पाहायला हवी. जाड ओठ, फेंदारलेलं नाक, बाहेर आलेले डोळे ही काळ्या माणसाची जगभर काढली गेलेली विटंबनेची चित्रं आहेत. मुखवट्यात कणव आहे तशी चेष्टाही आहे. दोन्ही एकाच लाकडात, पत्र्यात किंवा लगद्यात बसलेल्या आहेत. यावरचा वाद प्रश्न १२ मध्ये आहे.

६. पोशाख पिंपासारखा का, आणि त्याचं वजन किती?

पारंपरिक मोरेनोच्या कमरेपासून खाली एकावर एक कडी चढवलेला, घंटेसारखा घेर असतो. भरजरी कापड, मणी, खडे, आरसे, पिसं असं सगळं त्यावर. वजन वीस किलोच्या आसपास, काही वेळा त्याहूनही जास्त. एवढं अंगावर घेऊन चार किलोमीटर नाचत जायचं असल्यामुळे मोरेनादाची पावलं संथ आहेत: दोन पावलं डुलत एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि मधेच एक गिरकी. उडी मारायची म्हटली तरी मारता येत नाही.

द्राक्षवाल्या मताप्रमाणे (प्रश्न ४ पाहा) घेर हे दारूचं पिंप आहे. आणखी एक स्पष्टीकरण असं की हा भरजरी डौल म्हणजे मालकाची श्रीमंती, जी गुलामाच्या पाठीवर उभी होती. हे दुसरं स्पष्टीकरण मला जास्त खोल वाटतं, कारण सोंग करणाऱ्याच्या अंगावरच ते वजन प्रत्यक्ष पडतं.

७. हातात ते टर्रर्र वाजणारं काय असतं?

त्याला मात्राका म्हणतात. आपल्या जत्रांत मुलं हातात धरून गरागरा फिरवतात त्या टर्रर्र वाजणाऱ्या लाकडी खेळण्याचीच ही मोठी बहीण. आत दातेरी चाक आणि त्यावर आपटणारी पट्टी. शेकडो नर्तक एकाच ठेक्यावर ती फिरवतात तेव्हा आवाज पोटात जाणवतो.

हा आवाज साखळदंडांचा आहे, असं बहुतेक लोक सांगतात. द्राक्ष पिळण्याच्या यंत्राची कुरकुर आहे असं सांगणारेही आहेत. जुन्या मात्राका किर्किंचोच्या कवचाच्या करत. किर्किंचो हा अँडीजमधला खवले-कवचाचा छोटा प्राणी. तो आता संरक्षित आहे, म्हणून त्याच्या आकाराच्या लाकडी किंवा पत्र्याच्या मात्राका बनतात. मासा, ट्रक, दारूची बाटली अशाही असतात. मंडळ ज्या धंद्यातल्या लोकांचं, त्या धंद्याची खूण बरेचदा मात्राकेत दिसते.

८. मोरेनादाचं संगीत कसं असतं? गाणी आहेत की नुसता बँड?

दोन्ही. पितळी वाद्यांचा बँड हा कणा: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, भल्या मोठ्या तोंडाची ट्युबा, बोंबो नावाचा मोठा ढोल, ताशासारखा छोटा ढोल आणि झांजा. ताल दोन मात्रांचा, संथ, कूच केल्यासारखा. सुरावट बहुतेक वेळा उदास असते आणि ठेका दमदार. माझ्या कानाला मोरेनादाची खरी ओळख या जोडीतच सापडते.

गाण्यांचे शब्द मात्र गुलामगिरीबद्दल क्वचितच असतात. प्रेमभंग, दारू, आपल्या मंडळाचा अभिमान, ओरुरोची ओढ हे विषय. ओरुरोचे संगीतकार होसे 'जाचा' फ्लोरेस यांचं नाव मोरेनादाच्या चालींसाठी आदराने घेतात. आयमारा भाषेत जाचा म्हणजे मोठा.

ओरुरोचे बँड हा स्वतंत्र अभिमानाचा विषय आहे. कार्निव्हलच्या आधी बँडांचा वेगळा महोत्सव भरतो आणि हजारो वादक एकाच वेळी एकच चाल वाजवतात. पुनोमध्ये याहून निराळी जुनी शैली टिकून आहे. तिथे बांबूच्या बासऱ्यांच्या जुड्या वाजवणारे 'सिकुरी' आणि मोरेनो यांच्या मिलाफातून 'सिकुमोरेनो' तयार झाले.

९. आणि सायाचं? त्यात कोणती वाद्यं?

ढोल तीन आकारांचे. मोठा ढोल पाया धरून ठेवतो. त्याला 'आसेन्तादोर' म्हणतात, म्हणजे ठेका बसवणारा. मधला त्याला आडवं जातो. सगळ्यांत लहान 'गान्यिंगो' मधल्या फटींत बोलतो. सोबत 'क्वांचा', म्हणजे खाचा पाडलेला लांब बांबू. त्यावर काठी घासली की खर्र खर्र आवाज येतो. पुढे चालणाऱ्या पुरुषाच्या पायांत घुंगरं असतात आणि हातात चाबूक. त्याला 'कापोराल' म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या दोन प्रश्नांत लागेल.

गायन सवाल-जबाबाचं. भजनात बुवा चरण सुरू करतात आणि टाळकरी ते उचलून धरतात, अगदी तसं. एक आवाज ओळ टाकतो, बायकांचा समूह ती झेलतो. ओळी छोट्या आणि बोलक्या: गावातली बातमी, चेष्टा, कोणाचं कौतुक, कोणाला टोमणा, जमिनीचा प्रश्न, सरकारला मागणी. 'साया' शब्द काँगो भागातल्या भाषेतून आला असावा आणि त्याचा अर्थ मिळून गात काम करणं असा असावा, असं काही अभ्यासक मानतात.

बायकांचा वेश पाहून पुष्कळांना नवल वाटतं: रंगीत फितींचा पांढरा पोशाख आणि हॅट. शेजारच्या आयमारा बायकांच्या वेशाशी त्याचं जवळचं नातं आहे. पिढ्यान् पिढ्या एकाच डोंगरात राहिल्यावर कपडे, कोका आणि शब्द दोन्ही बाजूंनी इकडून तिकडे जाणारच. ठेका मात्र जागचा हलला नाही.

सायाखेरीज आणखीही प्रकार आहेत. 'सेंबा' आहे. 'माउची' तर ऐकलीच पाहिजे: दफन करून परतताना गायलं जाणारं मृत्यूचं गाणं.

१०. कापोरालेस हा तरुण मुलामुलींचा उड्या मारायचा नाच आहे ना? त्याचा आफ्रिकेशी काय संबंध?

संबंध आहे, पण वळणावळणाने. १९६९च्या सुमारास ला पास शहरात एस्त्रादा पाचेको भावंडांनी हा नाच रचला. सायातला तो घुंगरं बांधलेला, चाबूक घेतलेला कापोराल त्यांना भावला. त्यांनी त्या एका पात्राचा अख्खा नाच केला: बुटांना मोठाली घुंगरं, फुगीर बाह्या, झेप, आरोळी, आणि मुलींसाठी आखूड घागरा व उंच टाचा. वेग आणि तारुण्य यामुळे तो विद्यापीठांत पसरला. बोलिव्हियन माणसं कामासाठी जिथे जिथे गेली, ब्वेनोस आइरेस, माद्रिद, अमेरिकेतलं व्हर्जिनिया राज्य, तिथे तिथे तो पोचला.

अडचण अशी की मळ्यावर कापोराल म्हणजे मुकादम. मालकाच्या वतीने गुलामांवर चाबूक चालवणारा, बहुतेक वेळा स्वतःही काळाच. सायामध्ये तो पात्र म्हणून येतो तेव्हा ज्यांनी फटके खाल्ले त्यांच्याच वंशजांमध्ये तो उभा असतो. कापोरालेसमध्ये तो एकटाच उरला आणि नायक झाला. मुलं हा नाच मनापासून आणि आनंदाने करतात, त्यांच्या आनंदावर माझा आक्षेप नाही. पण चाबूक कुणाच्या पाठीसाठी होता हे नाचणाऱ्याला माहीत असावं, असं मला कळकळीने वाटतं.

११. 'लाम्बादा' गाण्याचा याच्याशी संबंध आहे, असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बा शहराच्या 'लोस कार्कास' या गटाने १९८१ मध्ये एक गाणं काढलं. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या 'काओमा' गटाने परवानगी न घेता तीच चाल 'लाम्बादा' म्हणून जगभर गाजवली. कार्कासनी दाद मागितली आणि त्यांचा हक्क मान्य झाला. नव्वदच्या सुमारास ती चाल हिंदी चित्रपटसंगीतातही आली. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी लग्नाच्या वरातीत अँडीजच्या चालीवर ठेका धरलेला आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. कार्काससारख्या लोकप्रिय गटांनी कापोरालेसच्या तालाला सर्रास 'साया' म्हणायला सुरुवात केली आणि बाहेरच्या जगाने तेच नाव उचललं. खरी साया गाणाऱ्यांनी त्यावर उत्तर दिलं ते साया रचूनच: हे लोक साया आणि कापोराल यांत घोळ घालतात, आता तुम्ही ऐकता आहात ती अस्सल साया. पत्रक काढण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक ठरलं.

१२. काळा मुखवटा घालणं, तोंड काळं रंगवणं हा वर्णद्वेष नाही का?

याचं सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून प्रकार वेगळे करतो.

'तुंदिकी' किंवा 'नेग्रितोस' नावाच्या नाचात काळे नसलेले लोक तोंड काळं करून, काही वेळा पायात बेड्या अडकवून नाचतात. आफ्रो-बोलिव्हियन संघटनांनी याला उघड विरोध केला आहे, आणि तुंदिकीला साया म्हणण्याला तर फारच. कारण सरळ आहे. ज्या देशात त्यांना रस्त्यावर पाहून लोक 'नशीब उघडेल' म्हणत एकमेकांना चिमटा काढतात, तिथे त्यांच्या त्वचेचा रंग डबीतून काढून गालाला फासणं त्यांना लागतं.

मोरेनादाच्या मुखवट्याबद्दल मतं विभागलेली आहेत. एक बाजू म्हणते, हा मालकाच्या क्रौर्याचा निषेध आहे आणि भक्तीचा भाग आहे. दुसरी म्हणते, निषेध असेल तर ज्यांच्यासाठी तो केला जातो त्यांना विचारलं होतं का? मी दुसऱ्या बाजूच्या जवळ आहे. तरी मोरेनादा बंद व्हावी असं मला वाटत नाही. तिच्याशेजारी सायाला तेवढीच जागा, तेवढाच वेळ आणि तेवढाच मान मिळावा.

१३. साया मधल्या काळात बंद पडली होती, हे खरं का?

जवळजवळ. १९५३ नंतर जमिनी मिळाल्या, तरुण कामासाठी शहरांकडे गेले, आणि काळं असण्याची लाज बाळगायला शिकवणाऱ्या समाजात आजोबांचे ढोल कोपऱ्यात पडले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युंगासमधल्या कोरोइको गावातल्या शाळकरी मुलांनी ग्रामदैवताच्या उत्सवासाठी म्हाताऱ्यांकडून ओळी आणि ठेके विचारून घेतले आणि साया पुन्हा उभी केली. १९८८ मध्ये त्यातून आफ्रो-बोलिव्हियन सायाची संघटित सांस्कृतिक चळवळ निघाली.

पुढे जे झालं ते फार थोड्या लोककलांच्या वाट्याला येतं. मोर्चात ढोल वाजू लागले. 'आम्ही इथे आहोत' हे सांगायला या लोकांकडे दुसरं साधनच नव्हतं, कारण जनगणनेत त्यांच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. २००९ च्या राज्यघटनेत आफ्रो-बोलिव्हियन लोकांचा नावानिशी उल्लेख आला. २०११ मध्ये साया राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाली. २०१२ च्या जनगणनेत २३ हजारांहून अधिक लोकांनी स्वतःला आफ्रो-बोलिव्हियन म्हणून नोंदवलं.

१४. आफ्रो-बोलिव्हियन लोकांना राजा आहे म्हणतात. हे कार्निव्हलमधलं पात्र की खरा माणूस?

दोन्ही आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. मोरेनादामध्ये 'रेई मोरेनो', म्हणजे काळा राजा, हे पात्र असतं. खरा राजा युंगासमधल्या मुरुराता गावात: आफ्रिकन राजघराण्यातला एक गुलाम मळ्यावर आला आणि इतरांनी त्याला ओळखलं, अशी तिथली लोककथा आहे. बोनिफासिओ पिनेदो यांचा राज्याभिषेक १९३२ मध्ये झाला, त्यांचे नातू हुलिओ पिनेदो यांचा १९९२ मध्ये. २००७ मध्ये ला पासच्या प्रांतिक प्रशासनानेही समारंभाने त्यांना मान दिला. राजवाडा नाही, सैन्य नाही. राजा शेतात कोका पिकवतो.

१५. ओरुरोचा कार्निव्हल कधी असतो आणि त्यात देवाधर्माचं काय?

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वी, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला. आपल्याकडे महाशिवरात्रीच्या आगेमागे. मुख्य मिरवणूक राख-बुधवारच्या आधीच्या शनिवारी. युनेस्कोने २००१ मध्ये या उत्सवाला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. त्यांच्या नोंदीप्रमाणे २८ हजारांहून अधिक नर्तक आणि १० हजार वादक, सुमारे पन्नास मंडळं, चार किलोमीटरचा मार्ग आणि अखंड वीस तास.

सगळे जातात सोकावोन, म्हणजे भुयार, इथल्या मेरीमातेच्या देवळात. नर्तक नवस बोललेले असतात, बहुधा सलग तीन वर्षं नाचण्याचा. देवळाशी पोचल्यावर मुखवटा उतरतो आणि मोठमोठे गडी गुडघ्यांवर सरकत, रडत आत जातात. वारी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि त्याच देवळाखाली खाणीत 'तीओ', म्हणजे काका, नावाचा शिंगांचा मालक बसलेला असतो. त्यालाही कोका आणि दारू वाहतात. सोमवार तर 'सैतान आणि मोरेनो यांचा दिवस' म्हणूनच पाळतात.

१६. मोरेनादात आखूड घागरा घातलेल्या बायका पूर्वी पुरुष असत, हे खरं?

हो. त्या पात्राचं नाव 'चीना मोरेना'. आपल्याकडे नाच्या किंवा दशावतारातला स्त्रीपार्टी असे, तसं हे पात्र पुरुषच करत. १९६०च्या दशकापासून समलिंगी आणि स्त्रीवेशी कलाकारांनी त्याला नवं रूप दिलं: उंच बूट, आखूड घागरा, खोट्या पापण्या, ठसका. ७०च्या दशकात लष्करी राजवटीत त्यांना उत्सवातून हाकललं गेलं आणि ते पात्र बायका करू लागल्या. वेश मात्र त्या हाकललेल्यांनीच घडवलेला आहे. अलीकडे त्यांच्या वारसदारांनी ती जागा पुन्हा मागून घेतली आहे.

१७. हे नाच पेरूचे की बोलिव्हियाचे?

तितिकाका सरोवर दोन्ही देशांत आहे आणि आयमारा माणसं दोन्ही काठांवर. पुनोचा कांदेलारिया उत्सव २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला तेव्हा बोलिव्हियात नाराजी उसळली. चिलीतल्या ला तिरानाच्या जत्रेतही मोरेनादा असते. मोरेनादा आणि कापोरालेस आज ज्या रूपात दिसतात ते ओरुरो आणि ला पासमध्ये घडलं, याबद्दल मला शंका नाही. पण सरहद्द आखायच्या आधीपासून एकत्र नाचणाऱ्यांना कुणी पासपोर्ट मागू नये. अस्सल साया मात्र निर्विवादपणे युंगासची.

१८. गोव्याच्या कार्निव्हलशी किंवा आपल्याकडच्या सिद्दींशी काही धागा जुळतो का?

कार्निव्हलशी जुळतो: दोन्हीकडे तो कॅथलिक पंचांगातून आला, गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आणि अँडीजमध्ये स्पॅनिशांबरोबर. तिथून पुढे वाटा वेगळ्या. गोव्याच्या मिरवणुकीत राजा मोमो मौजेचं फर्मान काढतो, तर ओरुरोत लोक नवस फेडतात.

सिद्दींशी थेट संबंध नाही. ते हिंदी महासागरावरून आले, हे अटलांटिकवरून. दोन्हीकडे आफ्रिकेतून उचलून आणलेली माणसं होती आणि दोन्हीकडे ढोल टिकले, एवढं खरं. पण जंजिऱ्यावर सिद्दींनी राज्य केलं. युंगासमध्ये तसं काही घडलं नाही.

१९. आमच्या मंडळाच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमात हा नाच बसवला तर चालेल का?

कापोरालेस बसवा, तो जगभर सगळे करतात. निवेदनात एस्त्रादा पाचेको भावंडांचं आणि सायाचं नाव घ्या, आणि कापोराल कोण होता ते मुलांना आधी सांगा. मोरेनादाची पावलं मुखवट्याशिवायही बसवता येतात. तोंड मात्र काळं रंगवू नका, कारण प्रश्न १२ मध्ये दिलं आहे. कापोरालेसला साया म्हणून जाहीर करू नका.

२०. ऐकायला सुरुवात कुठून करू?

आधी युंगासमधल्या गावाच्या चौकात चित्रित केलेली साया शोधा. 'तोकान्या' किंवा 'आफ्रोबोलिव्हियाना' हे शब्द घालून शोधलं की मिळते. डोळे मिटून तिन्ही ढोल वेगळे ऐकायचा प्रयत्न करा. मोठा लगेच सापडतो, मधला थोड्या वेळाने, गान्यिंगोला मला स्वतःला बरेच दिवस लागले. मग ओरुरोच्या एखाद्या बँडची मोरेनादा, हेडफोनवर, मोठ्या आवाजात. कापोरालेस सगळ्यात शेवटी ऐका.